दिवा लागण्याआधी घ्यायचा निर्णय

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा टप्पा जून २०२२ मध्ये देशभर गाजला. लोणी ते माना या पट्ट्यात एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १ एप्रिल २०२० पासून, नव्या वाहनांना बीएस-६ मानक लागू झाले होते. म्हणजे थोड्याच काळात वऱ्हाडातला रस्ता बदलला आणि त्यावरची गाडीही बदलली. वरूड-मोर्शीची संत्री, अकोल्याच्या दालमिलांतली तूरडाळ, जिनिंगमधल्या रुईच्या गाठी, सोयाबीन आणि सरकीची ढेप वाहणाऱ्या नव्या ट्रकच्या डॅशबोर्डवर आता कितीतरी खुणा असतात. त्या मानाने एक जुनी सवय मात्र तशीच राहिली आहे. दिवा लागतो, ड्रायव्हर मालकाला फोन करतो, मालक विचारतो, ‘गाडी चालते ना? मग आण, इथे आल्यावर पाहू.’ गाडी पुढे निघते आणि जे काम एका पाइपात भागले असते ते कधी कधी इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

या सवयीवर उपाय म्हणून खुणांचा तक्ता केबिनमध्ये चिकटवतात. तक्ता हवाच, पण तेवढ्याने काम होत नाही. दिव्याचा अर्थ माहीत असलेला ड्रायव्हरही गाडी पुढे नेतो, कारण थांबल्यामुळे झालेला उशीर त्याच्या नावावर लिहिला जातो आणि न थांबल्यामुळे झालेले नुकसान नशिबाच्या नावावर. म्हणून या लेखाचे म्हणणे असे: दिवा म्हणजे आपल्या हाती किती वेळ उरला आहे याची सूचना. त्या वेळात काय करायचे, हे गाडीमालक आणि ड्रायव्हर यांनी गाडी निघण्याआधी ठरवलेले असले पाहिजे. दिवा लागल्यानंतर सुरू होणारी चर्चा बहुतेक वेळा घाईच्या बाजूनेच संपते.

आधी रंग, मग खूण

वाहनांवरच्या खुणांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात रंगांचा अर्थ ठरवून दिलेला आहे. लाल म्हणजे माणसाला धोका किंवा गाडीचे गंभीर नुकसान, तेही आत्ता किंवा लगेच. पिवळा म्हणजे काहीतरी नेहमीच्या मर्यादेबाहेर गेले आहे किंवा एखादी यंत्रणा बिघडली आहे, आणि दुर्लक्ष केले तर नुकसान होईल. हिरवा म्हणजे अमुक यंत्रणा सुरू आहे, आणि निळा बहुतेक गाड्यांत वरच्या हेडलाइटचा. कंपनी कोणतीही असो, चित्र ओळखू येवो न येवो, रंगावरून अर्धा निर्णय होतो. लाल दिव्याची मुदत मिनिटांत मोजायची आणि पिवळ्याची तासांत किंवा त्या फेरीपुरती. पिवळ्यासोबत दुसरा पिवळा लागला, तो लुकलुकू लागला किंवा जोडीला बझर वाजला, तर मुदत आखूड झाली असे समजावे.

रंगावर भरवसा ठेवायचा तर दिवे जिवंत असले पाहिजेत. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी महत्त्वाचे इशारा-दिवे काही सेकंद लागतात आणि मग विझतात. गाडी स्वतःच दिव्यांची तपासणी करून दाखवते, ती अशी. ती न पाहता लगेच स्टार्टर मारला तर रोजची एक फुकटची तपासणी वाया जाते. यात जो दिवा लागतच नाही, तो लागलेल्या दिव्यापेक्षा जास्त काळजीचा. त्याचा बल्ब किंवा एलईडी गेला असेल, वायर तुटली असेल, किंवा कोणीतरी कटकट नको म्हणून ती मुद्दाम काढली असेल. जुना ट्रक विकत घेताना तर ही तपासणी टायर आणि लायनर पाहण्याइतकीच आवश्यक आहे. ऑइलचा, एबीएसचा किंवा इंजिनाचा दिवा चावी फिरवल्यावर लागत नसेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवून कारण विचारावे.

लाल दिव्यांची मिनिटे

तेलाच्या कॅनची लाल खूण म्हणजे इंजिन ऑइलचा दाब गेला. फिरणारा क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि तो दाबावर टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकते. इथे पुढच्या ढाब्यापर्यंतही मुदत नाही. गाडी डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, काही मिनिटांनी डिपस्टिक पाहायची, गाडीखाली गळती पाहायची. तेल कमी असेल तर योग्य प्रतीचे भरून दिवा विझतो का ते पाहावे. पातळी बरोबर असूनही दिवा राहत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नये, गाडी ओढून न्यावी.

तापमानाचा लाल दिवा वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, आणि भरलेल्या गाडीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरला हीच तापलेली हवा मिळते. दिवा लागला की वेग आणि भार कमी करून सुरक्षित जागी थांबावे. कुलंट गळत नसेल आणि पट्टा शाबूत असेल, तर इंजिन काही मिनिटे न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवल्याने पाणी फिरते आणि उष्णता सम होते. वाफ निघत असेल किंवा कुलंट कमी असल्याचा दिवाही लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, आतले दाबाखालचे पाणी अंगावर उसळते. थंड झाल्यावर काय भरायचे, हा प्रश्न अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात फारच गंभीर आहे. पूर्णा खोऱ्यातले हे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये गेले तर आतल्या नळ्यांत खर साचतो, गंज लागतो, आणि एका दुपारची सोय पुढच्या उन्हाळ्यातली अडचण होते. म्हणून तयार कुलंटचा एक कॅन गाडीत कायम असावा. नाइलाजाने साधे पाणी घालावे लागलेच, तर मुक्कामी पोहोचताच ते बदलून घ्यावे.

हवेच्या दाबाचा लाल दिवा आणि त्याचा बझर यांना तर दुसरा अर्थच नाही. जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि दोन स्वतंत्र सर्किटांत विभागलेले असतात, म्हणून मीटरवर बहुधा दोन काटे किंवा दोन आकडे दिसतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन्ही पूर्ण भरेपर्यंत आणि बझर थांबेपर्यंत गाडी हलवायचीच नाही. चालत्या गाडीत एकाही सर्किटचा दाब उतरू लागला, तर उरलेल्या हवेत गाडी सुरक्षित जागी उभी करणे एवढेच काम शिल्लक असते. ब्रेक वारंवार दाबला की प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. दाब फारच उतरला की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जिथे आहे तिथेच अडकते, मग तो महामार्गाचा मध्य का असेना. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना मेळघाटाच्या उतारांवर हा धोका दुप्पट होतो. म्हणून घाट उतरण्याआधी हवा पाहावी, खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणे म्हणजे सगळा भार हवेवर आणि लायनरवर टाकणे होय.

बॅटरीची लाल खूण वरवर साधी वाटते, कारण गाडी चालत राहते. दिव्याचा अर्थ चार्जिंग होत नाही एवढाच असतो, पण कारण पट्टा तुटणे असेल तर अनेक इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ तापमान चढू लागले, तर पट्ट्याचाच संशय घ्यावा आणि थांबावे. रात्री हाच दिवा लागला तर हेडलाइट किती वेळ टिकतील, याचाही हिशेब करावा लागतो.

पिवळ्या दिव्यांची मुदत

बीएस-६ गाड्यांत सर्वाधिक गोंधळ पिवळ्या दिव्यांचा आहे, आणि त्यातही ड्रायव्हर ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात त्या डीईएफचा. हे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेले द्रावण धुराच्या वाटेत फवारले जाते आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण कमी करते. टाकी उतरू लागली की आधी पिवळा इशारा मिळतो. दुर्लक्ष झाले तर इंजिनाची ताकद कमी केली जाते, आणि तरीही टाकी भरली नाही तर गाडी अगदी मंद वेगावर आणून ठेवली जाते. ज्या युरो-६ नियमांच्या धर्तीवर बीएस-६ आखले गेले, त्यांत ही पहिली कपात पाव हिश्श्याची आणि शेवटचा वेग ताशी २० किलोमीटरचा आहे. ‘गाडी उठत नाही’ ही तक्रार घेऊन गॅरेजला येणारी गाडी कित्येकदा बिघडलेली नसतेच, तिने आधी दिलेला इशारा कोणी ऐकलेला नसतो.

डीईएफच्या बाबतीत दोन गोष्टी इथल्या हवापाण्यामुळे जपाव्या लागतात. शेतात टाकायचा युरिया विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतणे हा महागात पडणारा उपाय आहे. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम नोझलवर आणि उत्प्रेरकावर साचतात, आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात तर क्षारच क्षार. दुसरी गोष्ट साठवणीची. उष्णतेत हे द्रावण हळूहळू बिघडते. ३० अंशांपर्यंत साधारण वर्षभर टिकणारा माल ३५ अंशांवर सहा महिन्यांपर्यंत येतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने पडलेले कॅन भरले आणि नंतर पिवळा दिवा लागला, तर दोष सेन्सरला देण्याआधी कॅनवरची तारीख पाहावी.

धुराच्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा दिवा वऱ्हाडात वेगळ्याच कारणाने समजून घ्यायला हवा. फिल्टरमध्ये काजळी साचली की ती जाळून टाकण्यासाठी गाडी धुराचे तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेते. महामार्गावर लांब पल्ल्याला हे काम चालता चालता होते. बाजार समितीच्या रांगेत, जिनिंगच्या आवारात तासन्‌तास मंद चालू राहणाऱ्या गाडीत ते होत नाही, मग दिवा लागतो. पहिल्या पिवळ्या इशाऱ्यावर काही वेळ सलग, चांगल्या वेगात गाडी चालवली तर बहुधा काम भागते. उभ्या गाडीवर बटण दाबून ही सफाई करायची सोय असेल, तर जागा निवडताना डोळ्यांत तेल घालावे. सायलेन्सरच्या तोंडाशी कापूस, रुईच्या गाठी, सोयाबीनचे कुटार, वाळलेले गवत किंवा ताडपत्री असता कामा नये. धुराचे तापमान वाढल्याची वेगळी खूण लागली असेल, तर गाडी जिनिंगच्या फाटकातून आत घेऊच नये. ज्या गाडीतून कापूस वाहायचा, तिच्या ड्रायव्हरला ही एक खूण तरी तोंडपाठ हवी.

बाकीच्या पिवळ्या दिव्यांबद्दल थोडक्यात. एबीएसचा दिवा गाडी सुरू होऊन थोडी हलली की विझायला हवा. तो राहिला तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाके जाम होण्यापासून मिळणारे संरक्षण नसते. गाडी मुक्कामी नेता येते, मात्र अंतर वाढवून, आणि पावसात विशेष जपून. डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला की सेपरेटरचा खालचा कॉक उघडून पाणी काढावे. ते टाळले तर नाजूक आणि महाग इंजेक्टर खराब होतात. एअर फिल्टर चोंदल्याचा इशारा काळ्या मातीच्या धुळीत, शेतरस्त्यांवर लवकर येतो. आणि इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्वतः कारण सांगत नाही, ते संगणकात कोडच्या रूपात असते. बॅटरीची वायर काढून हा दिवा घालवण्याचा प्रकार टाळावा, कारण त्याने दुरुस्ती होत नाही आणि स्कॅनर लावणाऱ्या मिस्त्रीला मिळायची माहिती पुसली जाऊ शकते.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप अनुभवी ड्रायव्हरांचा असतो: गाडी आम्हाला आवाजावरून कळते, दिव्याची गरज नाही. या अनुभवाचा मान राखलाच पाहिजे. सैल पट्टा, गळणारी हवा, बदललेला इंजिनाचा सूर हे कान आधी टिपतो. पण ऑइलचा दाब गेल्याचा आवाज होत नाही, आणि बेअरिंग ठोकायला लागल्याचा आवाज येतो तेव्हा नुकसान झालेले असते. डीपीएफ भरल्याचा, एबीएस बंद पडल्याचा, डिझेलमध्ये पाणी आल्याचाही आवाज नसतो. शिवाय ऑइल, तापमान आणि हवा यांचे इशारे जुन्या गाड्यांतही होते. जे कानाला कळत नाही तेच सांगण्यासाठी ते बसवले गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दिवे खोटे लागतात. हे खरे आहे. उंदीर वायर कुरतडतात, गाडी धुताना कनेक्टरमध्ये पाणी जाते, सेन्सरही मरतात. पण दिवा खोटा आहे हे थांबून तपासल्यावरच कळते, चालता चालता नाही. खोट्या दिव्यासाठी थांबलो तर अर्धा-पाऊण तास जातो. खऱ्या दिव्याला खोटा मानून चालत राहिलो तर इंजिन किंवा जीव जातो. दोन चुकांची किंमत इतकी असमान असेल, तर शंकेचा फायदा दिव्यालाच द्यायला हवा. आणि एखादा दिवा खरोखर वरचेवर खोटा लागत असेल, तर त्याचा सेन्सर आधी बदलावा, कारण रोज खोटे बोलणाऱ्या एका दिव्यामुळे ड्रायव्हरचा बाकी सगळ्या दिव्यांवरचा विश्वास उडतो. त्यावर चिकटपट्टी लावणे हा सर्वांत वाईट मार्ग.

तिसरा आक्षेप पैशाचा. संत्र्याच्या हंगामात माल नासतो, दिल्लीच्या बाजाराची वेळ चुकते, डाळीच्या गाडीला विलंबाची कपात लागते. ही अडचण खरी आहे आणि तिचा भार लहान मालकावर सगळ्यात जास्त पडतो. पण हिशेब करायचा तर पुरता करावा. रस्त्यात जाम झालेल्या इंजिनाचा खर्च म्हणजे नुसते इंजिन नव्हे. गाडी ओढून नेणे, माल दुसऱ्या गाडीत भरण्याची हमाली, दुसऱ्या गाडीचे भाडे, नासलेली फळे, आणि गाडी गॅरेजमध्ये असतानाही भरावा लागणारा बँकेचा हप्ता, हे सगळे त्यात येते. संत्री वाचवण्यासाठी न थांबलेल्या गाडीतलीच संत्री आधी नासतात. डीईएफचा खर्च टाळायला यंत्रणा फसवणारे डबे बसवणे हाही असाच अपुरा हिशेब आहे. गाडीत असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चौथा आक्षेप असा, की महामार्गावर थांबणे हेच धोक्याचे आहे. हे अगदी बरोबर, आणि म्हणून कसे थांबायचे हेही शिकून घेतले पाहिजे. शक्य तितके डावीकडे, रस्त्याच्या बाहेर, वळणावर किंवा पुलावर नाही. चारही इंडिकेटर चालू करावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा, माणसांनी गाडीच्या मागे उभे राहू नये. त्रिकोणाऐवजी दगड ठेवणे आणि निघताना ते तसेच सोडणे म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशी खेळ आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

निघण्याआधीचा करार

कायदाही या प्रश्नाकडे ड्रायव्हरपुरते पाहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, धोका निर्माण करणारा दोष माहीत असताना, किंवा साध्या काळजीने तो कळू शकत असताना, गाडी चालवणारा जसा दोषी ठरतो तसाच ती चालवू देणाराही. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला असताना ‘दोष माहीत नव्हता’ असे म्हणणे अवघड जाते. आणि दिव्याची खबर फोनवर मिळाल्यानंतर ‘आण तशीच’ असे सांगणारा मालक त्या निर्णयात पूर्ण सहभागी असतो.

म्हणून एमएच-२७ असो की एमएच-३०, प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये मालकाने स्वतःच्या सहीचा एक कागद लावावा. त्यावर चारच गोष्टी मराठीत आणि हिंदीत असाव्यात. लाल दिवा लागला तर ड्रायव्हर आधी गाडी थांबवेल आणि मग फोन करेल, परवानगी मागणार नाही. पिवळा दिवा लागला तर दिव्याचा फोटो, वेळ, किलोमीटर आणि त्या वेळचा भार मालकाला पाठवेल, आणि कुठपर्यंत जायचे ते दोघे मिळून ठरवतील. दिव्यामुळे झालेल्या उशिराचा एक रुपयाही ड्रायव्हरच्या पगारातून किंवा भत्त्यातून कापला जाणार नाही, दिवा नंतर खोटा निघाला तरीही. आणि कोणताही दिवा झाकला, काढला किंवा फसवला जाणार नाही. सोबत त्या गाडीच्या पुस्तिकेतले खुणांचे पान मोठे करून लावावे, कारण मर्यादा आणि मुदती गाडीगणिक थोड्याफार बदलतात आणि शेवटचा शब्द पुस्तिकेचाच.

या चारांतली तिसरी अट मालकांना सर्वांत जड जाईल, पण बाकीच्या तिघी तिच्यावरच उभ्या आहेत. ज्याला थांबण्याची शिक्षा होते तो थांबत नाही, त्याला कितीही खुणा शिकवल्या तरी. अर्ध्या दिवसाच्या पगाराची हमी देऊन मालक आपले लाखोंचे इंजिन, गाडीतला शेतकऱ्याचा माल आणि रस्त्यावरची माणसे वाचवतो. पुढच्या फेरीला गाडी भरण्याआधी हा कागद लिहून लावावा.